निरोपाच्या फोटोत माझा स्क्रीन

विद्यापीठात मी शिपाई म्हणून लागलो आणि घासाघीस करण्याच्या जोरावर खरेदीच्या टेबलापर्यंत पोहोचलो. ते टेबल कुलसचिव मॅडमनी काढून घेतलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

प्रयोगशाळेच्या स्टुलांसाठी दुकानदारांनी मेलवर दर पाठवले होते. मुदत संपता संपता दौलतगंज बाजारातल्या एका दुकानदाराने आपला दर बदलला. तो सगळ्यांत कमी दराच्या अगदी किंचित खाली आला.

"हे दर तुमच्याशिवाय कोणी पाहिले होते?" मॅडमनी विचारलं.

"कोणीच नाही."

"मग? चौकशी होईपर्यंत खरेदी दुसरं कोणी बघेल."

त्या 'मग'चा राग अजून गेलेला नाही. पण त्याहून जास्त छळत होतं ते कुतूहल. पासवर्ड मी बायकोलाही सांगत नाही. मग दर बाहेर गेले कसे?

संध्याकाळी दौलतगंज गाठलं. दुकानदार जुना ओळखीचा.

"भाईसाहब, इस बार तो हमने आपका भाव पकड़ लिया!" तो हसला.

"कैसे पकड़ा, ये बताओ."

"वो धंधे की बात है."

"ठीक है. अब से माल टोपी बाज़ार से आएगा," म्हणत मी उठलो. घासाघीस करताना नेहमी उठतो, तसाच.

"अरे, बैठिए तो!" त्याने मोबाइल पुढे केला.

फोटो आमच्या हिशेब विभागातल्या काकांच्या निरोपाचा होता. आमच्याकडे निरोप माझ्याच टेबलापाशी होतो, कारण ते खिडकीजवळ आहे आणि कचोऱ्यांच्या प्लेटा त्यावर मावतात. प्लेटांसाठी कीबोर्ड बाजूला सरकवला गेला, स्क्रीन मात्र चालूच राहिला. काकांनी फोटो स्टेटसला लावला. काका राहतात दाना ओली नावाच्या गल्लीत, याच दुकानदाराच्या घराशेजारी. त्याने फोटो मोठा केला, तर काकांच्या खांद्यामागे दर स्पष्ट दिसत होते, सगळ्यांत कमी दरही. शेजारी हार घेऊन अर्धा स्क्रीन झाकून उभ्या होत्या खुद्द मॅडम. आणखी जरा सरकल्या असत्या तर माझं टेबल वाचलं असतं.

तो फोटो मागून घेतला आणि सकाळी मॅडमपुढे ठेवला.

"पुढे तुम्ही आहात मॅडम. मागे माझे दर आहेत."

त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला. मग जुने दर रद्द करून नवे मागवायला सांगितलं. टेबल मला परत मिळालं, पण "चुकलं" हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.

आता पाणी प्यायला उठलो तरी स्क्रीन लॉक करतो. नवी पोरं चिडवतात, "काका, प्याऊपर्यंत जाताय की विलायतेला?" चिडवू देत. आता निरोपाचे फोटोही मी भिंतीपाशीच काढायला लावतो.

परवा एका बाईंच्या निरोपाला मॅडम हार घेऊन उभ्या राहिल्या, आणि फोटो निघण्याआधी वळून त्यांनी माझ्या टेबलाकडे पाहिलं. स्क्रीन काळा होता. त्यांनी मान डोलावली.

इतकं मिळालंय. पण "चुकलं" ऐकेपर्यंत हा सौदा मला पटायचा नाही.