आक्कांचं बटण

झुंबरबाई आक्का आता गारगोटीला पुतण्याकडे अंथरुणाला खिळून आहेत आणि आमच्या समोरच्या त्यांच्या घराला कुलूप आहे. त्यांचा गल्लीवर फार जीव होता, असं मी म्हणणार नाही. त्यांना माणसं लागायची, एवढंच. हाका मारून कुणाला बोलावणं मात्र त्यांना कमीपणाचं वाटे.

मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत पहिल्यांदा इंटरनेट आलं तेव्हा अनेकांत नावाच्या केबलवाल्याला घरोघरी तारा वाटून देणारा खोका लावायला जागा हवी होती. त्याला वीजही त्याच घरातली लागणार होती. कुणीच तयार होईना. आक्का एकट्याच राहायच्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. त्या म्हणाल्या, "लाव की आमच्यात." गुडघे धरलेले असायचे, म्हणून खोक्याचं बटण जमिनीपासून हातभर उंचीवर बसवून घेतलं. पाटावर बसल्या बसल्या दाबता आलं पाहिजे. त्या दिवसापासून गल्लीचं नेट आक्कांच्या ताब्यात गेलं.

नेट गेलं की खोका बंद करून पुन्हा चालू करावा लागे. त्यासाठी आक्कांची पायरी चढायची.

"आक्का, जरा बटण बघता का?"

"आदी बूड टेक. च्या घे. नेट काय पळून जात न्हाय."

चहा संपेपर्यंत बटणाला हात लागत नसे. तोवर कुणाची सून माहेरी जाऊन बसली, कोण महिनाभर फिरकलं नाही, सगळं ऐकायचं. मला म्हणायच्या, "भागे, तुझी सासू दिस बुडायच्या आत जेवती न्हवं? मग हितं का बसलीयास?" आणि मी उठले की फुगायच्या.

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. मीटिंग अर्ध्यावर तुटली की माझं डोकं फिरायचं. तेही हटकून दुपारी चारला. शेवटी अनेकांतला धारेवर धरलं, तर तो हसायला लागला. "वहिनी, लाइनमध्ये काय बी न्हाय. दोन-चार दिवस कोण आलं न्हाय की आक्काच बटण बंद करत्यात." गल्लीला हे ठाऊक होतं. कुणी मनावर घेतलं नव्हतं, मी घेतलं. दारोदार फिरून सह्या गोळा केल्या आणि फायबरची मागणी केली.

जूनमध्ये फायबर आलं. केसासारखी काचेची तार, खांबावरच्या डबीतून सरळ घरात. मध्ये खोका नाही, वीज नाही, कुणाची मेहेरबानी नाही. राउटरही नवा, वायफाय सिक्सचा. न्हाणीघरातसुद्धा फोन भरभर चालायला लागला. अनेकांत आक्कांकडचा जुना खोका काढायला निघाला तेव्हा मीच त्याला अडवलं.

"राहू दे. खोक्यावरचा दिवा लागतोय तोवर त्यांनाही बरं वाटेल. काही सांगू नका."

त्यानं बाहेरच्या तारा तेवढ्या कापल्या. स्वतःच्या भलेपणाचं मला त्या दिवशी कौतुकच वाटलं होतं.

पुढच्या दोन महिन्यांत मी आक्कांकडे एकदाच गेले, तेही त्यांनी निरोप धाडून संकष्टीचा प्रसाद घ्यायला बोलावलं म्हणून. त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "नेट जातं का गं अजून?"

"जातं की मधनंमधनं," मी म्हणाले. त्यांचं मन राखायला.

"मग येत का न्हाईस?"

"काम असतंय, आक्का."

त्यांनी मान हलवली आणि आणखी चहा विचारला नाही.

श्रावणातली गोष्ट. सकाळी दहाला, दोन मीटिंगांच्या मध्ये, मी खिडकीत आले तर आक्कांच्या दाराच्या कडीला दुधाची पिशवी तशीच लटकत होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आत आक्का भिंतीशी जमिनीवर पडलेल्या. पाय वेडावाकडा. ओठ सुकलेले. नंतर डॉक्टरांनी खुबा मोडल्याचं सांगितलं. मी पाणी पाजलं, अँब्युलन्सला फोन केला.

"कधी पडलात, आक्का?"

"काल चारला पडलो." श्वास घेऊन त्या म्हणाल्या, "घसटत आलो हितवर. बटण बंद केलंय मी. म्हटलं, रातभर नेट न्हाय म्हटल्यावर कोण ना कोण तरी येईलच."

काल चारला मी समोरच्याच खोलीत होते, कानात हेडफोन घालून. चित्र एकदाही अडकलं नव्हतं. आक्का माझं मनगट धरून होत्या.

"तुमचं नेट गेलतं न्हवं, भागे?"

गेलं होतं म्हटलं असतं, तर नेट जाऊनही कुणी आलं नाही असं झालं असतं. माझ्याच्यानं ते म्हणवेना.

"नाही गेलं, आक्का. ते बटण जूनपासून कशालाच जोडलेलं नाही. तुम्हाला सांगू नका असं मीच म्हटलं होतं. चुकलं माझं."

त्यांनी खोक्याकडे पाहिलं. मग माझं मनगट सोडलं.

"सांगायचं की गं मग," त्या म्हणाल्या. "मी वरडलो असतो."