जनरल शिफ्टचा अर्ज

आमच्या सेक्टरची फुटबॉल टीम कोणी बुडवली, कोचनं का मॅनेजरनं, हा वाद मैदानासमोरच्या चहाच्या टपरीवर वीसेक वर्षं चालू आहे. टपरीचा मालक बदलला, कपाचे ग्लास झाले, वाद तोच. कोच म्हणजे माझे बाबा. मॅनेजर म्हणजे बाबांचा जिवाभावाचा दोस्त, आमचा काका. दोघंही भंडाऱ्याकडचे, एकाच वर्षी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये लागले. बाबा मिलमध्ये, काका टाईम ऑफिसात, जिथं माणसांच्या हजेऱ्या आणि शिफ्टा लागतात. टीम कशानं बुडाली हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण ज्या कागदानं बुडाली तो कागद माझ्या हातचा आहे.

आधी आमच्या टीमची रीत सांगते, नाहीतर पुढचं काही उमजणार नाही. सगळे खेळाडू प्लांटमधले आणि प्लांट तीन शिफ्टांत चालणारा. सकाळी सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते परत सहा. नाईटवाले सकाळी सुटले की घरी जायचेच नाहीत. थेट मैदान. सेफ्टी बूट काढून गोलपोस्टाजवळ रांगेनं ठेवायचे आणि उतरायचे. सेकंड शिफ्टवाल्यांना दुपारपर्यंत काम नसायचं, तेही यायचे. दुपारी चारला फर्स्टवाले हजर, शिवाय झोप काढून उठलेले नाईटवाले. लेकरं शाळेत आणि बाई कामात असताना घरात रिकामा बसलेला माणूस नुसता अडचणच, म्हणून बायकाच त्यांना मैदानावर हाकलायच्या. आमची आई तर बाबांची शिट्टी दाराच्या कडीलाच अडकवून ठेवायची.

अशी ती टीम होती. भल्ली टीम होती, माय वं! कोणाच्याही पायात नखरा नाही, पण धावायला लागले की समोरचे दमून जायचे. बाबांची स्वतःची ड्यूटी असली की शिट्टी काका वाजवायचा. त्याला ऑफसाईड कशाशी खातात तेही माहीत नव्हतं. मनाला येईल तेव्हा वाजवायचा आणि खेळाडू आपापसात ठरवून घ्यायचे की आता काय झालं.

बाबांना एकच टोचणी होती. अकराच्या अकरा जण त्यांना फक्त मॅचच्या दिवशी एकत्र दिसायचे. मी आठवीत होते तेव्हाची गोष्ट. एका संध्याकाळी काका आमच्या क्वार्टरमध्ये चहाला आला होता. आई पोहे करत होती.

"मले अकरा जण एका वेळी मैदानात पायजेत," बाबा म्हणाले. "सगळ्यायले जनरल शिफ्ट मागू."

जनरल शिफ्ट म्हणजे ऑफिसवाल्यांची वेळ. सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच, रविवारी सुट्टी.

काकानं कप खाली ठेवला. "कावून बे? बराबर चालून राहिलं ना सारं. चालत्या गाडीले कावून खीळ घालून राहिला?"

"तुले फुटबॉल कळते का?"

"फुटबॉल नाई कळत. शिफ्ट कळते."

पण बाबांनी एकदा ठरवलं की ठरवलं. अर्ज हिंदीत हवा होता आणि घरात हिंदीचं सुंदर अक्षर एकटीचं होतं, माझं. मला वही-पेन घेऊन बसवलं. सेवा में, महोदय, सविनय निवेदन है कि. बाबा सांगत होते, मी लिहीत होते. शेवटी मी माझ्या मनानं एक ओळ घातली, 'खेल एवं खिलाड़ियों के हित में'. शाळेच्या निबंधात असलं काही लिहिलं की बाई शाबासकी द्यायच्या. बाबा खूष झाले. म्हणाले, "पाय बे, पोरगी काय लिहून राहिली!"

आमच्याकडे कागद कोणाच्या डोक्यातून निघाला हे कोणी पाहत नाही, खाली सही कोणाची ते पाहतात. टीमच्या अर्जावर मॅनेजरचीच सही लागायची. काकानं अर्ज दोनदा वाचला, एकदा बाबांकडे पाहिलं आणि सही केली. मग तो कागद घेऊन पंधरा दिवस या साहेबाच्या दारात, त्या साहेबाच्या दारात. जे काम त्याला पटलं नव्हतं, त्यासाठी तो इतका फिरला की बाबाही इतके फिरले नसते. आणि मंजूर करूनच आणलं.

पहिले काही आठवडे काय विचारता! अकरा जण एका रांगेत, एकाच वेळी. दोन मॅचेस धडाक्यात जिंकल्या. पोरांनी काकाला खांद्यावर घेतलं, टपरीवर हार घातला. "मैनेजर हो तो ऐसा!" त्या दिवशी बाबा जेवताना फुरंगटून बसले होते.

"डोकं माहं अन् हार त्याच्या गळ्यात."

"मंग सांगा ना लोकायले," आई म्हणाली.

"जाऊ दे ना बाप्पा. त्यात काय सांगायचं."

इथंच चूक झाली. त्या वेळी सांगितलं असतं तर पुढचं सारं टळलं असतं.

मग हिवाळा आला. साडेपाचला सुटायचं, गेटवरच्या गर्दीतून बाहेर पडायचं, घरी चहा, मैदानावर येईपर्यंत सहा. सहाला अंधार. मैदानावर लाईट नव्हते. आमचा गोली, म्हणजे गोलकीपर, ओरडायचा, "अरे बॉल किधर है, कोई बताओ तो!" सकाळी यावं तर नऊच्या ड्यूटीआधी पाणी भरणं, लेकरांना शाळेत सोडणं, दाढी. उरला रविवार. तर रविवारी कोणाच्या साळ्याचं लग्न, कोणाला भंडाऱ्याला जायचं, कोणाला बायको सुपेल्याच्या बाजारात घेऊन चाललेली. आधी सुट्ट्या वेगवेगळ्या होत्या म्हणून मैदानावर रोज कोणी ना कोणी असायचं. आता सगळे एकाच वेळी मोकळे, आणि एकाच वेळी अडकलेले. परत शिफ्ट मागू म्हटलं तर कोणी तयार होईना. रोज आपल्या घरी आपल्या गादीवर झोपायची सवय लागली होती. पोटं सुटली. दोन हंगामांत टीम पहिल्याच फेरीत बाद व्हायला लागली, आणि मग अकरा जण जमेनातच.

आणि टपरीवरचा वाद सुरू झाला. खरं तर वाद कसला, निकालच होता. कोच बिचारा काय करेल? कोच तर शिकवून राहिला होता. "मैनेजर ने पूरी टीम को बाबू बना दिया." ही ओळ एकदा कोणीतरी बोललं आणि ती काकाला जन्माची चिकटली. तो रस्त्यानं जाताना लोक म्हणायचे, "जनरल शिफ्ट चालली बघा."

काका काहीच म्हणायचा नाही. चहात बिस्कीट बुडवून खायचा. बाबा त्याच्याच बाकावर, त्याच्याच शेजारी बसलेले असायचे आणि मैदानाकडे बघायचे. एकदा तर सगळे हसले तेव्हा बाबाही हसले. मी तेव्हा दहावीत होते, दूध घेऊन चालले होते, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझं डोकं असं भडकलं म्हणता! घरी आल्यावर मी बाबांशी भांडले. म्हटलं, "अर्ज मी लिहिला, तुमी सांगितला, अन् शिव्या काकाले?"

"सांगीन ना," बाबा म्हणाले.

हे 'सांगीन' पुढं वीस वर्षं चाललं. टीम गेली, बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडून आम्ही रुआबांध्याला घर बांधलं, माझं लग्न होऊन मी बोरसीला आले, माझा मुलगा मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर द्यायला लागला. बाबांचं 'सांगीन' काही संपेना. राग येतो, पण खोटं कशाला बोलू, दोघांची जोडी पाहिली की राग विरघळायचाही. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा काका रोज येऊन त्यांना अंगणात चालवायचा. हातात तीच जुनी शिट्टी. बाबा थांबले की वाजवायचा. "फाऊल! चाल बे, पाऊल टाक!" आणि बाबा शिव्या देत चालायचे.

या हिवाळ्यात काकानं सांगितलं की तो भिलाई सोडून नागपूरला मुलाकडे चालला, कायमचा. काकू गेल्यापासून घर खायला उठतं म्हणाला. त्या दिवसापासून बाबांचं जेवण कमी झालं. मी रविवारी गेले तर अंगणात एकटेच बसलेले.

"तो त्या नावासकट चालला," ते म्हणाले. "बाबू बनवणारा म्हनून चालला. अन् मी इथं कोच म्हनून बसून राहीन."

"मंग आता तरी सांगा."

"आता सांगतोच."

जुन्या खेळाडूंनी मैदानावरच काकाच्या निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. सकाळची वेळ, प्लास्टिकच्या खुर्च्या, समोसे, भाड्याचा माईक. सगळ्यांचे केस पिकलेले. गोलीनं भाषण केलं, "मैनेजर साहब ने टीम को ऑफिस टाइम पर लगाया, तो टीम टाइम से पहले ही रिटायर हो गई!" सगळे खदखदा हसले, काकाही हसला. बाबा उठले. माईक हातात घेऊन हिंदीतच म्हणाले, की जनरल शिफ्ट मी मागितली होती. यानं मला अडवलं होतं. मी ऐकलं नाही. टीम मी बुडवली.

मग टाळ्या! अशा टाळ्या पडल्या की झाडावरची पाखरं उडाली. "वाह कोच साहब! दोस्ती इसको कहते हैं!" गोलीनं तर येऊन बाबांना मिठी मारली.

"अबे, खरं सांगून राहिलो!" बाबा माईकमध्ये ओरडले. "विचारा हिले! अर्ज हिच्या हातचा हाय!"

मी उठून म्हटलं, हो, मीच लिहिला, बाबांनी सांगितला. तर गोली डोळे पुसत म्हणतो, "बेटी भी बाप पर गई है, बड़े दिलवाले लोग हैं." वीस वर्षं खोटं खपलं आणि खरं एका मिनिटात नापास.

बाबा काकाकडे वळले. "तू सांग."

काकानं माईक घेतला. "सही मेरी थी ना? तो बात खतम." आणि माईक ठेवून समोसा उचलला.

परत जाताना मी त्याला गाठलं. "काका, कावून नाई सांगितलं इतके वर्षं?"

"अवं पोरी, कोचचं नाव खराब झालं का पोट्टे त्याचं ऐकत नाईत. मंग तो शिकवन कोनाले? मॅनेजरचं काय, त्याले कोनाले शिकवायचं रायते?"

"पण टीम तर संपली ना. मंग नंतर?"

"नंतर मंग तो माह्याजवळ रोज बसे," म्हणाला. "लाज वाटे म्हनून का होईना, एक दिवस चुकला नाई. मले तेच पायजे होतं." त्याचे डोळे भरून आले होते आणि माझेही.

घरी आल्यावर बाबांनी मला कागद आणायला लावला. "लिही," म्हणाले. मी पुन्हा आठवीतल्यासारखी बसले. सेवा में, समस्त खिलाड़ीगण. विषय, टीम की बरबादी की जिम्मेदारी के संबंध में. सविनय निवेदन है कि जनरल शिफ्ट की मांग प्रार्थी ने की थी, मैनेजर ने मना किया था. बाबा सांगत होते, मी लिहीत होते, आणि शेवटी त्यांनीच विचारलं, "ते तुही ओळ कोनती होती?" मी लिहिली, खेल एवं खिलाड़ियों के हित में. खाली जागा सोडली. बाबांनी चष्मा पुसला आणि पूर्ण नावानं, तारीख घालून सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो अर्ज टपरीच्या खांबाला चिकटवला. लोक वाचायचे, हसायचे, म्हणायचे, कोच साहब मानेंगे नहीं. बाबा बाकावर बसून राहिले. दहाच्या सुमाराला काकाची गाडी आली, मागं सामानाचा टेम्पो. तो नागपूरला निघाला होता आणि चहा पिऊनच जाणार होता. मुलगा गाडीतच बसला. काकानं खांबाजवळ जाऊन अर्ज वाचला, पहिला वाचला होता तसाच, दोनदा. माझं अक्षर त्यानं ओळखलं असणार. मग बाबांकडे पाहिलं.

"कागद असा नाई चालत बे," म्हणाला. "पेन दे."

बाबांच्या सहीखाली त्यानं टाईम ऑफिसातल्या अक्षरात लिहिलं, 'अग्रेषित'. म्हणजे अर्ज तपासला, खरा आहे, पुढं पाठवा. आणि सही केली.

मग बाबांशेजारी बसला. दोघांनी एकाच ग्लासात बिस्किटं बुडवून खाल्ली. गाडी गेल्यावर गोली आला. त्यानं खांबावरचा कागद वाचला, खालची सही वाचली. मग टोपी काढून बाबांना म्हणाला, "मतलब... सच्ची?"

"हाव," बाबा म्हणाले, आणि रडायला लागले.