एकाच भट्टीवरची दोन माणसं

बाबांचा उजवा हात बिघडलाय, हे आम्हाला पहिल्यांदा एका एसटीच्या ड्रायव्हरमुळे कळलं.

मी तेव्हा नांदेडला बी.एस्सी. करत होते आणि सुट्टी संपवून लातूरहून परत निघाले होते. बाबा ज्या बॅटरीच्या दुकानात काम करायचे ते नांदेड रस्त्यालाच होतं. त्यामुळे स्टँडवर न जाता दुकानासमोर हात दाखवून गाडी थांबवायची आमची पद्धत. गाडी दिसली तसा बाबांनी उजवा हात वर केला. कोपर वर गेलं, पण पंजा मनगटातून खाली लोंबत राहिला. ड्रायव्हरला वाटलं असावं, हा माणूस 'जा, जा' म्हणतोय. त्यानं हॉर्न दिला आणि गाडी तशीच पुढे नेली.

बाबा हसले. "झोपला वाटतं हात," म्हणाले. माझी पिशवी खाली ठेवून त्यांनी डाव्या हातानं तो पंजा उचलून सरळ केला. सोडला, की पुन्हा खाली.

बाबा मूळचे बॅटरीवाले नव्हेत. भूकंपात औशाकडचं आमचं घर पडलं. आम्ही सगळे वाचलो, पण राहायला जागा उरली नाही, म्हणून बाबा लातूरला चार दिवस काम बघायला आले. त्या दिवसांत मदतीचे ट्रक, जीपा, टँकर सारखे फिरत होते आणि त्यांच्या बॅटऱ्या बंद पडत होत्या. या दुकानाचे मालक, ज्यांना मी चाचा म्हणते, त्यांच्याकडे गर्दी मावत नव्हती. चाचांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या भांड्यांना कल्हई करायचं काम. धातू आणि विस्तव यांची त्यांना लहानपणापासून सवय. त्यांनी बाबांना हाताखाली घेतलं, पुढे बरोबरीनं बसवलं. चार दिवसांसाठी आलेला माणूस गेलाच नाही म्हणून ते बाबांना शेवटपर्यंत 'पाव्हणं' म्हणत. बाबा त्यांना 'उस्ताद' म्हणायचे.

पुढे लातुरात क्लासेस वाढले. बाहेरगावची मुलं आली, घराघरांवर होस्टेलचे मजले चढले, आणि लोडशेडिंगमुळे प्रत्येक मजल्याला इन्व्हर्टर लागला. जुन्या बॅटऱ्या उघडून पुन्हा चालत्या करायचं काम इतकं आलं, की दुकानामागची खोली दिवसभर धुरानं भरलेली असायची. बॅटरीतल्या प्लेटा बाहेर काढायच्या, चांगल्या निवडायच्या, आणि लोखंडी कढईत शिसं वितळवून त्यांचे जोड पुन्हा ओतायचे. प्लेटा हलवल्या की करडी भुकटी झडायची. खोलीला खिडकी नव्हती.

मी ज्या क्लासला जायचे तिथली वीज गेली की ट्यूब क्षणभर विझून पुन्हा लागायची. बाकीची मुलं मान खाली घालून लिहीत राहायची. मला मात्र वाटायचं, ही आपल्याच दुकानातली बॅटरी असेल का? आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. मी शिकले ते त्या उजेडात, हे मी विसरलेली नाही.

हातापूर्वी बाबांचं पोट दुखायचं. कळ आली की गुडघे पोटाशी घेऊन बसायचे. आम्ही त्याला गॅस म्हणायचो. चेहरा पांढरा पडला होता, त्याला आम्ही उन्हाळा म्हणायचो. आता हात पडल्यावर सगळे म्हणाले, लकवा. कोणीतरी देगलूरकडच्या एका वैदूचं तेल आणून दिलं. आई रोज ते चोळायची.

मला ते पटत नव्हतं. पाय ठीक, तोंड ठीक, बोलणं ठीक. मूठ वळत होती, फक्त पंजा वर होत नव्हता. लकवा एवढा निवडून कसा येईल? मी बाबांना नांदेडच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी हात पाहिला आणि तोवर कोणीच न विचारलेला प्रश्न विचारला: काम काय करता? उत्तर ऐकून त्यांनी लाकडी पट्टीनं बाबांचा खालचा ओठ खाली केला, आणि शिकाऊ डॉक्टरांना जवळ बोलावलं. मीही वाकून पाहिलं. हिरड्यांच्या कडेनं, दातांना लागून, पेन्सिलीनं ओढावी तशी निळसर काळी रेघ होती. इतकी वर्षं आम्ही त्यांच्यासमोर जेवलो, हसलो, आणि ती कधी दिसली नव्हती.

"हा लकवा नाही," बाई म्हणाल्या. "अंगात शिसं गेलंय."

रक्त तपासायला हैदराबादला पाठवलं. रिपोर्ट तेच म्हणाला. औषध दिलं, पण खरं औषध म्हणजे शिशापासून लांब राहणं, असं बाईंनी बजावलं. लांब राहिलात तर हात येईल, किती येईल ते सांगता येत नाही. नाही राहिलात तर जाईल.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि लातूरला आल्यावर परत दुकानात जाऊन बसले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "उस्ताद माझ्याआधीपासनं तेच करून राहिलाय. त्याला काय झालं?"

चाचा स्वतःही घाबरले होते, त्यांनीही रक्त दिलं. त्यांच्या अंगातही शिसं निघालं, पण बाबांच्या मानानं फारच कमी. म्हणजे बाबांचं म्हणणं आणखी घट्ट झालं: भट्टीचा दोष असता तर दोघांना सारखा लागला असता. आईला वाटलं, कोणाची तरी नजर. मला एवढंच दिसत होतं की हा फरक कळला नाही, तर बाबा काही ती खोली सोडत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी मागच्या खोलीच्या दारात स्टूल टाकून बसले. प्रॅक्टिकलच्या बाईंनी शिकवलं होतं, दोन परीक्षानळ्यांत फरक दिसला तर आधी काय काय सारखं आहे ते बघा. दोघं आळीपाळीनं ओतत होते, बाबा आता डाव्या हातानं; म्हणजे धूर सारखा. बसायची जागा बदलत होते, म्हणजे जागाही सारखी. खाणं विचारलं, तर चाचा म्हणाले, "मी मटण खातो आन्‌ हा डाळ पितो. शिशालाबी मऊ माणूस आवडत असंल." बाबांनी नुसतं "हाव, हाव" केलं.

गूळही सारखाच. धुरात काम करणाऱ्यानं गूळ खावा, म्हणजे धूर अंगात राहत नाही, असं आमच्याकडे सगळेच मानतात. आई रोज दोन पुड्या बांधून द्यायची, एक बाबांना, एक चाचांना.

दुपार कलली तशी अजान ऐकू आली. चाचा उठले, लोटा घेऊन मोरीत गेले. हात धुतले, चूळ भरली, नाकात पाणी घेतलं, तोंड धुतलं, मग कोपरापर्यंत हात आणि पाय धुतले. कोपऱ्यात चटई टाकून नमाज पढले. मग फळीवरची आपली पुडी काढून गूळ खाल्ला. हे मी लहानपणापासून पाहत होते, म्हणूनच कधी पाहिलं नव्हतं.

त्याच वेळी बाबा कढईपाशी बसल्या बसल्या डावा हात पँटला पुसून पुडीतला गूळ मोडत होते. एक खडा तोंडात टाकला, बोटं चाटली. दुसरा उचलणार तेवढ्यात मी तो घेतला आणि दारात उजेडात धरला. पिवळ्या गुळावर अंगठ्याचा करडा ठसा होता, रेघारेघांसकट.

"बाबा, हे बघा."

"राख हाय ती."

"राख नाही. रिपोर्टमधलं तेच हे."

चाचांनी खडा माझ्या हातून घेतला, उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "पाव्हणं, मी नमाज पढून राहिलो होतो तवा तू शिसं खाऊन राहिला होतास."

"मग सांगायचं न्हाई व्हय इतक्या वर्सांत?"

"मला काय ठाव? मी अल्लासाठी धूत होतो, शिशासाठी न्हाई."

बाबा हसतील असं मला वाटलं. ते आपल्या बोटांकडे बघत बसले. मग उठून मोरीत गेले.

आईला सांगणं अवघड होतं. गूळ तिनं मायेनं बांधलेला. दोष गुळाचा नाही, हातांचा आहे, असं मी परत परत सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबांच्या पुडीबरोबर नवी साबणवडी निघाली.

पुढच्या खेपेला मी तो खडा डॉक्टरबाईंना दाखवला. त्या खूश झाल्या, पण नुसतं धुऊन भागणार नाही म्हणाल्या. धूर श्वासातूनही जातो, कपड्यांवरून घरी येतो. मी ते चाचांना सांगितलं. त्यांनी त्याच आठवड्यात मागची भिंत फोडून खिडकी पाडली, आणि बाबांना त्या खोलीचा उंबरा बंद केला. बाबा पुढे बसून आलेल्या बॅटऱ्यांची तपासणी करू लागले. काही वर्षांनी चाचांनी ओतकामच बंद केलं.

शिसं हाडांत जाऊन बसतं आणि सावकाश निघतं. बाबांचं बीपी कायमचं वाढलं, मूत्रपिंडाची तपासणी आजही चुकवता येत नाही. शर्टाची गुंडी ते डाव्या हातानं लावतात.

पण मी एम.एस्सी.ला निघाले तेव्हाची एक गोष्ट. दुकानासमोर आम्ही उभे होतो. गाडी दिसली. बाबांनी डावा हात मुद्दाम पाठीमागे नेला आणि उजवा वर केला. पंजा लोंबला नाही. मनगटाच्या रेषेत आला, थरथरला, तिथंच थांबला. बोटं अर्धवट वाकलेलीच होती. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, गाडी थोडी पुढे जाऊन थांबली.

मी पिशवी घेऊन धावले. दारातून मागे पाहिलं, तर बाबा गाडीकडे बघतच नव्हते. हात अजून वरच होता आणि ते त्याच्याकडे बघत होते. दुकानाच्या पायरीवर चाचाही उभे राहून तेच बघत होते.

कंडक्टर वैतागला. "ओ काका, थांबली की गाडी. घ्या आता हात खाली."