मोजणीच्या दिवशी गावपळण

आमचा पाडा महानगरपालिकेच्या नकाशावर कसा आला ते मला लिहायला सांगतात. मी चौथीत शाळा सोडली. लिहितो तसं वाचा, शुद्धलेखन काढत बसू नका.

शहराबाहेर डोंगरी गावाकडे जाताना मिठागरांच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी आमची घरं आहेत. इथले मूळचे आगरी-कोळी वेगळे, आम्ही वेगळे. आमचे आजोबा तळकोकणातून मिठागरावर कामाला आले आणि येताना देव घेऊन आले. देव म्हणजे एक काळा दगड. त्याच्याबरोबर गावपळणही आली.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दर तिसऱ्या वर्षी एक दिवस गाव रिकामं करायचं. उजाडायच्या आत माणसं निघाली पाहिजेत, तान्हं मूलसुद्धा मागे ठेवायचं नाही. कुत्री, कोंबड्या, शेळ्या, सगळं बरोबर. चूल विझवायची, दार नुसतं ओढून घ्यायचं, कुलूप घालायचं नाही. खाडीपलीकडे चिंचांखाली दिवस काढायचा, तिथेच रांधायचं, आणि सूर्य बुडाल्यावर परत यायचं. मूळ गावी म्हणे तीन-तीन दिवस जातात. इथे नोकऱ्या सांभाळायच्या म्हणून आजोबांनी देवाकडून एका दिवसावर आणून घेतलं. तो दिवस राखणदाराचा आणि त्याच्याबरोबर जे कोण असतात त्यांचा. त्यांचं नाव आमच्यात कोणी घेत नाही. वर्षं सगळी आपली, एक दिवस त्यांचा, एवढा साधा हिशोब.

दिवस कौलाने ठरतो. दगडाला ओल्या पाकळ्या लावायच्या आणि विचारायचं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. बापाच्या मागे कौल मीच लावतो.

त्या वर्षी कौल पडला आणि दोन दिवसांनी पालिकेचा माणूस सांगून गेला की नवा विकास आराखडा होतोय, कुठे वस्ती, कुठे दुकानं, कुठे मोकळी जागा ते बघायला पथक येईल, घरी थांबा. दिवस तोच.

पाड्यात गडबड उडाली. गावपळण पुढे ढकला, बरेच जण म्हणाले. माझी सूनही म्हणाली. ती घाटावरची, बी.ए. झालेली, डोकं चालतं तिचं. पदर खोचून समोर उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, निदान एक माणूस तरी थांबू दे, कोणी नसलं तर ते काय लिहून नेतील. मी म्हटलं, एक माणूस थांबला तर ती गावपळण नाही, सहल झाली. माझा चुलतभाऊ, ज्याने शहरात जेसल पार्कात फ्लॅट घेऊन ठेवला होता आणि तोंड वर करून फिरत होता, तो म्हणाला, "दगड मोठा की आयुक्त मोठा, ते एकदा विचारून घे तुझ्या दगडाला." मी म्हटलं, आयुक्त तीन वर्षांनी बदलतो.

गेलो आम्ही. सगळे गेलो. बांधावर उभा राहून मी स्वतः माणसं पुढे घातली आणि सगळ्यांच्या मागून निघालो. पाड्यात कोणी उरलं नव्हतं, हे मी आजही कुठल्याही देवळात सांगेन.

चिंचांखालून पाडा दिसतो. दुपारच्या सुमाराला पथक आलं. हातात कागद लावलेल्या फळ्या धरलेली माणसं घराघरातून फिरताना दिसली, मुंग्यांएवढी. आपल्या घरात परकी माणसं फिरतायत आणि आपण हाक मारायची नाही, हे सोपं नाही. सगळ्यात शेवटचं घर माझं, टेकडीला लागून. तिथे ती माणसं बराच वेळ थांबली. मग निघाली ती भराभर निघाली, मागे न बघता, जशी आम्ही सकाळी निघालो होतो. सून माझ्याकडे बघत होती. मी भात वाढून घेतला.

पुढच्या वर्षी आराखड्याचा नकाशा पालिकेत लावला. सून आणि मी बघायला गेलो. मिठागरं होती, टेकडी होती, डोंगरी होती, उत्तनची एकेक गल्ली होती. आमच्या जागेवर कोरा कागद. मोकळी जमीन, असं लिहिलेलं, आणि तिच्यावरून एक रुंद रस्ता ओढून बाजूला ट्रकतळाचं आरक्षण टाकलेलं. माझं घर जिथे आहे तिथे बोट ठेवून सून उभी राहिली. बोटाखाली काही नव्हतं. मागचा एक माणूस म्हणाला, "मॅडम, जरा सरकिए, हमको भी देखना है."

हरकत घेतली. त्या दिवशी गावपळण होती, गावात एकही माणूस नव्हता, हे अर्जात लिहिलं, घरपट्टीच्या पावत्या, विजेची बिलं, सगळं जोडलं. पण घरी आल्यावर पाडा वेगळा वाटायला लागला. कोणी बोलून दाखवत नव्हतं. गॅसवाला हाक न मारता पुढे जायचा, विचारलं तर म्हणायचा, मला वाटलं इकडे कोणी नसतं. रिक्षावाले फाट्यावरच उतरवायचे. चुलतभाऊ खरंच जेसल पार्कात गेला. त्याच्या घराचं दार त्याने आमच्या रीतीप्रमाणे नुसतं ओढून घेतलं होतं, ते वाऱ्याने दिवसभर हलायचं. भर दुपारी अंगणात बसलं की वाटायचं, तो दिवस संपलाच नाही. आपण संध्याकाळी परत आलो खरे, पण पाडा कोणी आपल्याला परत दिलेला नाही.

सुनावणीला बोलावणं आलं. दालनाबाहेर बाकावर बसलो होतो तर एक तरुण पोरगा येऊन शेजारी बसला. लातूरकडचा. त्या दिवशीच्या पथकात होता. आधी माझ्या चपलांकडे बघत राहिला. मग हळू आवाजात विचारलं की काका, तुमच्या अर्जात लिहिलंय त्या दिवशी गावात एकही माणूस नव्हता, ते खरं का. मी म्हटलं, अक्षरशः खरं.

"मग त्या आजी कोण?"

तो सांगू लागला. शेवटच्या घराच्या पडवीत एक म्हातारी बसली होती, पाठमोरी, सूप घेऊन तांदूळ पाखडत. यांनी हाक मारली तर मान वळवली नाही. पाणी मागितलं तर बाजूचा तांब्या मागे सरकवला. पाणी एवढं गार होतं की दात शिवशिवले. यांनी विचारलं, आजी, इथे कोण-कोण राहतं. त्यावर ती जे बोलली ते यांनी घराच्या नोंदीत लिहून घेतलं, कारण वहिवाटदाराचं, म्हणजे जागेवर राहणाऱ्याचं, सांगणं लिहावंच लागतं.

"काय बोलली?"

"हयसर आता कोण रवणा नाय. फुडे जावा." पोराने अडखळत, पाठ केल्यासारखं म्हटलं. "रवणा म्हणजे काय हो काका? आम्ही अंदाजाने घेतलं, राहत नाही म्हणून."

ही भाषा आमच्या पाड्यात आता कोणाच्या तोंडात नाही. माझी आजी बोलायची. आई अर्धी बोलायची. मी लिहितोय ती अशी, बाजारात हिंदी, सुनेची घाटावरची. लातूरच्या पोराला ती कुठून सुचणार? मी त्याला म्हटलं, राहत नाही हाच अर्थ. तो म्हणाला, मी परत तिकडे येणार नाही, साहेबांनी दुसऱ्याला पाठवावं.

आत साहेब भला होता. पावत्या चाळल्या, बाजूला ठेवल्या. म्हणाला, घरपट्टी लोक बंद घरांचीही भरतात. तुमचे निम्मे लोक फ्लॅटमध्ये गेलेत असं ऐकतो. वस्तीतल्याच बाईने सांगितलंय की इथे कोणी राहत नाही, आणि ते नोंदलेलं आहे. मग पेन खाली ठेवून माझ्याकडे वाकला. बाई म्हातारी असेल, डोक्याने भ्रमिष्ट असेल, तर तसं सांगा. घरात माणूस होतं असं होईल, तिचं बोलणं बाद होईल, मी पुन्हा पाहणी लावतो. नाहीतर नोंद आहे तशी राहील.

सून माझ्या बाहीला धरून होती. मला कळत होतं काय करायचं आहे. पाडा पुरता रिकामा केला होता, हा माझा मान होता. बापाला, आजाला तोंड दाखवायला तेवढंच माझ्याकडे होतं. कोणी तरी मागे राहिलं होतं म्हणायचं म्हणजे तो मान गेला. आणि ती कोणीच नव्हती म्हणायचं तर घर गेलं, सगळ्यांचीच गेली, आणि इथे कोणी राहत नाही हे तिचं सांगणंच खरं ठरलं.

साहेबाने पुन्हा विचारलं, "ती बाई कोण आहे?"

मी म्हटलं, "आमचीच आहे."

खोटं बोललो असं मला वाटत नाही. अजूनही वाटत नाही.

पाहणीचा दिवस कळला तेव्हा सगळ्यांनी रजा टाकल्या. चुलतभाऊही जेसल पार्कातून बायकोपोरांसह येऊन आपल्या घरात चूल पेटवून बसला, आणि धुराने खोकत मला म्हणाला, "घे, झाली तुझी वस्ती." मला काहींनी सुचवलं की उत्तनहून एखादी म्हातारी आणून बसवू. मी साफ नाही म्हटलं. भाड्याची म्हातारी माझ्या घरात येणार नाही. सून म्हणाली, बघते मी काय ते.

नवा माणूस आला तो जाडजूड, घामाने भिजलेला. घरं मोजली, माणसं मोजली, चहा दोनदा घेतला. शेवटी माझ्या अंगणात येऊन म्हणाला, त्या आजी कुठे आहेत, त्यांना बघून जायला सांगितलंय. सुनेने भाजी चिरता-चिरता, मान वर न करता सांगितलं की आतल्या खोलीत झोपल्यात. तिचा विचार असा की दुपारी झोपलेल्या म्हातारीला कोण उठवणार. पण तो सरळ आत गेला. पडदा बाजूला केला आणि उंबऱ्यात उभा राहिला. सुनेची विळी थांबली. मी खाटेवर बसल्या जागी आवाज ऐकायची वाट बघत होतो, आता ओरडेल, आता हसेल.

तो चवड्यांवर चालत बाहेर आला. बोट ओठांवर.

"झोपू दे त्यांना," तो सुनेला म्हणाला. "पंखा तरी लावा ओ. केवढं उकडतंय आत."

सही घेतली आणि गेला. सून उठली. पडद्याच्या बाजूने नुसता हात आत घातला, तोंड दुसरीकडे करून, आणि पंख्याचं बटण दाबलं. मी आत गेलो ते दिवेलागणीला. घरचा कर्ता मीच, जाणं भाग होतं. खोलीत कोणी नव्हतं. पंखा मी बंद केला नाही.

अंतिम आराखडा मंजूर झाला. रस्ता टेकडीच्या पलीकडून वळवला, ट्रकतळ दुसरीकडे गेला. पाड्याची घरं नकाशावर आहेत. गॅसवाला दारात येऊन हाक मारतो. चुलतभावाने फ्लॅट भाड्याने देऊन टाकला आणि परत इथेच आला. लोक म्हणतात, म्हाताऱ्याने पाडा राखला. ऐकायला बरं वाटतं, मी नाही म्हणत नाही.

यंदा गावपळणीचं वर्ष. शिमग्यानंतर मी कौल लावला. पाकळ्या उजवीला पडल्या नाहीत, डावीलाही पडल्या नाहीत. वाळून दगडाला तशाच चिकटून राहिल्या. पुढच्या महिन्यात पुन्हा लावला, तेच. असं आजोबांच्या वेळी झालेलं नाही, बापाच्या वेळी नाही. पाड्यातली माणसं रोज संध्याकाळी अंगणात येऊन उभी राहतात आणि काही न विचारता जातात. कारण सगळ्यांना कळलंय. पाडा रिकामा करायचा तर आपलं एकही माणूस मागे ठेवून चालत नाही. आणि साहेबासमोर मीच सांगून आलोय की ती आमची आहे.

परवा सुनेने जेवण वाढताना विषय काढला. ती या सगळ्याला घाबरत नाही, निदान दाखवत नाही. म्हणाली, "बाबा, त्यांनाच एकदा सांगून बघा ना. आमच्याबरोबर चला म्हणावं, एका दिवसाचाच प्रश्न आहे."

सांगायला हरकत नाही. घर माझं आहे, बोलायचं तर मीच बोललं पाहिजे. पण ती आजीच्या भाषेत उत्तर देईल, आणि नाही म्हणाली तर पुढे काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही. रोज दुपारी मी पडद्यापर्यंत जातो. आत पंखा चालू असतो. अजून विचारलेलं नाही.