बेचाळीस छातीची चोळी

माप घेण्याआधी मास्तर टेप बोटाला गुंडाळायचे आणि विचारायचे, "स्वतःसाठी का लोकांसाठी?" लोकांसाठी म्हटलं, की बाही लांब आणि गळा वर. स्वतःसाठी म्हटलं, की मास्तर खुलायचे.

अबू हलीफात मागच्या गल्लीत त्यांचं शिवणाचं दुकान. सव्वीस वर्षं कुवेतमध्ये काढूनही बोलणं रत्नागिरीकडचंच. आमच्या बायकांसाठी त्यांनी टिचबटणांची बाही काढली होती. रस्त्यावर पूर्ण हाताचा ब्लाउज, मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शिरलं की बाह्या पर्समध्ये. "बाही सरकारची, हात आपले," म्हणून स्वतःच हसायचे.

आता माझं सांगतो, हसायचं तर हसून घ्या. मी कॉम्प्युटरवर बसून पोट सुटलेला, सत्तेचाळीस वर्षांचा माणूस आणि मला लावणी येते. आपल्याकडे पुरुष लुगडं नेसून नाचला तर शिट्ट्या पडतात. इथे पकडून मायदेशी पाठवू शकतात, हे मला ठाऊक होतं. पण मंडळाची दिवाळी, हॉल बंद, माणसं आपलीच, म्हणून धीर केला.

मास्तरांनी निमूट टेप छातीभोवती फिरवला. "बेचाळीस. चोळीला टक्स जास्त लागतील."

"मास्तर, तुम्हाला विचित्र नाही वाटत?"

"कापडाला काय कळता साहेब, आत कोण हाय ता? तुमी सरळ उभे ऱ्हावा बगू."

ट्रायलच्या दिवशी बायकोने हौसेने व्हिडिओ काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. त्यात माझी पाठ होती. चेहरा मास्तरांचा आणि पाटी दुकानाची. आपल्या लोकांना त्यात वावगं काय दिसणार? कौतुकाने पुढे पाठवत राहिले. तिसऱ्या दिवशी साध्या कपड्यातले दोघे दुकानात आले.

लुगड्यातला माणूस कोण, एवढंच त्यांना हवं होतं. शेजारच्या इस्त्रीवाल्याने नंतर सांगितलं, मास्तर एकच म्हणत राहिले, "गिऱ्हाईक होता. नाव विचारला नाय." त्यांना घेऊन गेले.

मी काय केलं? घरी बसलो. मुलगी बारावीला, अकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, कंपनीच्या हातात. एकदा चौकीसमोरून गाडी हळू नेली, थांबवायचं धाडस झालं नाही. स्वतःची किळस आली. त्याच संध्याकाळी न्हाणीघरात बसून नऊवारी आणि चोळी कात्रीने कापली, चिंध्या तीन वेगवेगळ्या कचराकुंड्यांत टाकल्या. मास्तर तेव्हा अजून कोठडीत होते.

आठवड्याभरात त्यांना विमानात बसवलं. पुन्हा यायला कायमची बंदी. दिवाळीचा कार्यक्रम झाला. मी शर्टपँट घालून मागच्या रांगेत बसलो आणि इतरांसाठी टाळ्या वाजवल्या.

महिन्याने रत्नागिरीहून मास्तरांचा फोन आला. शिव्या खायची माझी तयारी होती. खाल्ल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"साहेब, नाच झाला?"

"झाला, मास्तर."

"चोळी काखेत आवळली नाय ना?"

"अजिबात नाही. अगदी बरोबर बसली."

"मग नीट जपून ठेवा. माझ्या हातचा तिकडचा शेवटचा काम हाय ता."

"हो," मी म्हटलं. "कपाटातच आहे."