खटारावाले आणि रिकामे डबे

बाबा रविवारी सकाळी गेले. टीव्ही चालू होता. आई पोळ्या लाटत होती. बाबांनी खुर्चीतून विचारलं, "काही खायला आहे का?" आई आतून म्हणाली, "एवढी कणीक संपू द्या, मग बसूच सगळे." कणीक संपली तेव्हा बाबा नव्हते.

सुरतेत प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. आम्ही डिंडोलीत राहत होतो. बाबा मराठी शाळेत शिक्षक होते आणि मी कॉलेजात जात होते. घरात केबल घेतली ती बाबांच्या एका कार्यक्रमासाठी. दोन विनोदी नट एका मोडकळीस आलेल्या गाडीतून देशभर हिंडायचे. गाडी घाटात बंद पडायची, दार हातात यायचं, मग एक ढकलायचा आणि दुसरा आत बसून त्याला सूचना द्यायचा. आम्ही त्यांना खटारावाले म्हणत असू. बाबांकडे जुनी स्कूटर होती. गाडी घेण्याचं त्यांच्या कधी मनातही आलं नसेल. पण पडद्यावरच्या इंजिनाचा आवाज ऐकून काय बिघडलंय हे ते आधीच सांगायचे आणि बहुतेक वेळा चुकायचे.

शेजारचे काका आणि मावशी हे बघायला येत. ती धुळ्याकडची माणसं. काका कापडाच्या कारखान्यात लूमवर कामाला होते. घरात ते अहिराणी बोलत, आमच्याशीही तीच. काका हसायचे, मावशी काकांना हसायच्या, आणि आई स्वयंपाकघरातून खटारावाल्यांना रागे भरायची. "अहो, त्याला सांगा, आधी पाणी घाल गाडीत!" पडद्यावरच्या माणसांना काही सांगायचं असेल तर ती ते बाबांमार्फत सांगे. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसायचे. तो कार्यक्रम मला बावळट वाटे.

बाबा गेल्यावर टीव्हीवर चादर पडली. सुतकात आमच्याकडे चूल पेटत नाही, जेवण शेजारून येतं. पहिला डबा मावशींचा आला, पिठलं आणि भाताचा. मग साऱ्या ओळीतून डबे येत राहिले. पै-पाहुणे जेवले, मी जेवले. आई ताटावर बसायची, भात इकडून तिकडे सारायची आणि उठायची.

"उपाशी गेला माणूस," ती म्हणायची.

दहाव्याला तापीच्या काठी पिंडाला कावळा लगेच शिवला. भटजी म्हणाले, इच्छा राहिली नाही. आईला ते पटलं नाही. "कावळ्याला काय कळतंय," ती म्हणाली. तेरावं झालं, पाहुणे गेले. मी वरणभात लावायला लागले. आई दिवसभरात कपभर चहा घ्यायची, कधी अर्धं केळं. तिच्या पाटल्या कोपरापर्यंत सरकू लागल्या होत्या. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि बाहेर येऊन मला म्हणाले, "औषध देतो, पण खाल्लं पाहिजे. असं फार दिवस चालायचं नाही." हे मी कोणालाच सांगितलं नाही. रोज रात्री ताट पुढे करायचं आणि रोज तसंच उचलायचं, याचा मला शीण आला होता. रडायचंही त्राण नव्हतं.

आणि ओट्यावर लोकांचे डबे साठले होते. आलेला डबा रिकामा परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर घालून देतात. पण सुतकाच्या घरातून काय घालून देणार? म्हणून आईने ते धुऊन पालथे घातले, आणि सुतक फिटलं तरी ते तसेच राहिले. दुःखाच्या घरी डबा मागायला कोण येणार? काका कामावर भाकरी फडक्यात बांधून नेत होते, हे मला फार उशिरा दिसलं.

एका रविवारी सकाळी काका दारात आले. मागे मावशी.

"गुरुजींचा कार्यक्रम आहे," काका चाचरत म्हणाले. आमच्याशी ते त्या दिवसांत जरा जपून, शाळेतल्यासारखं बोलत. "आजचा भाग भुकेवर आहे म्हणे. लावू का?"

मी नको म्हणणार होते. आई आतून म्हणाली, "लाव."

चादर काढली. बाबांची खुर्ची रिकामी ठेवून सगळे खाली सतरंजीवर बसलो.

खटारावाले दुष्काळी मुलखात निघाले होते. टपावर धान्याची पोती आणि पैज अशी, की पोती पोचेपर्यंत दोघांनी काही खायचं नाही. पहिल्याच नाक्यावर एकाने पोटाला माईक लावला आणि गुरगुर ऐकवली. दुसरा म्हणाला, इंजिन चालू झालंय. काका गुडघ्यावर थाप मारून हसले.

"हाई नाटक शे," मावशी म्हणाल्या. "उपाशी माणूस इतला बोलस का?"

"तू ते जेयेल राहो नहीते उपाशी, बोलसच!" काकांनी परतवलं.

"तुम्हीन दात काढू नका. ताई बठेल शे आठे."

काकांनी आईकडे पाहिलं आणि गुडघ्यावरचा हात काढून घेतला. मला तर उठून टीव्ही बंद करावासा वाटत होता. भुकेची चेष्टा करून वर पोती वाटायची, यातलं काय चांगलं आणि काय वाईट ते मला ठरवता येत नव्हतं. आईकडे बघायचंही धाडस होत नव्हतं.

गाडी अर्थातच बंद पडली. ढकलत ढकलत ते गावात पोचले. एका म्हातारीच्या दारात पोतं उतरवलं. तिने पोत्याकडे पाहिलंही नाही. त्यांना ओसरीवर बसवलं आणि भाकरी, मिरची पुढे ठेवली. विनोद करायचं विसरून दोघे खायला लागले. मोठमोठे घास, मान खाली.

"अहो, सावकाश," आई म्हणाली. "ठसका लागेल."

पडद्यावर म्हातारी पाणी आणायला गेली होती. "अहो" कुणाला म्हटलं, ते आईच्याही लक्षात आलं असावं. ती खुर्चीकडे पाहत राहिली. मग पदराने तोंड पुसलं.

जाहिराती लागल्या. मावशींनी घसा साफ केला.

"ताई, रागे भरू नका. मना डबा देतीस का? ह्यास्ले कारखानामा फडकं लई जानं पडस."

काका शरमेने जमिनीत गेले. "अगं, आत्ता काय...!"

"डबा?" आई म्हणाली. आठवायला तिला थोडा वेळ लागला. "रिकामा कसा देऊ?"

ती भिंतीला धरून उठली. मी मागे गेले. तिने परात घेतली, कणीक घेतली. पाणी जास्त पडलं, पुन्हा पीठ घातलं. पहिली पोळी तव्यावरून उतरली, तिच्यावर तूप आणि गूळ घातला. ते बाबांचं खाणं. बराच वेळ ती पोळी तिने हातात धरली.

"गूळ जुना आहे," ती म्हणाली. "लोकांना द्यायचा म्हणजे चव बघायला हवी."

आणि तिने उभ्याउभ्याच तुकडा मोडून तोंडात घातला. मग दुसरा. मी शेगडीकडे बघत राहिले. बाहेर काका पुन्हा हसले, मावशींनी त्यांना पुन्हा दटावलं.

त्या दिवशी ओळीतले सगळे डबे भरून गेले. रात्री आई थोडं जेवली, दुसऱ्या दिवशी त्याहून थोडं जास्त. खटारावाल्यांचा कार्यक्रम पुढे बंद पडला. काका-मावशी कडोदऱ्याकडे राहायला गेले.

आई या महिन्यात गेली. मी तिला भरवत होते, शेवटपर्यंत दोन चमचे पेज तिने घेतली. घरात आता मी एकटी आहे. ओट्यावर शेजारच्यांचे डबे आहेत, धुऊन पालथे घातलेले. कणीक आहे, गूळ आहे.