मॅग्नॅनिमसचा बेटा

आमच्या तांड्यावरचा धावजी इंग्रजी शिकला ते गाऊन. ऐकणाऱ्याला हसू येतं. त्या हसण्यानंच त्याचा घात केला आणि माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितो.

महागावजवळच्या त्या बंजारा तांड्यावर मी शाळामास्तर होतो. धावजीच्या बापाचं नाव हरिसिंग. एके काळी या घराण्याच्या बैलांच्या पाठीवरून मुलुखभर मीठ जायचं, आता बैल वखराला जुंपलेले. लिहिणं-वाचणं घराण्यात कोणाला ठाऊक नव्हतं, पण पाठांतर असं की भल्याभल्यांनी तोंडात बोटं घालावीत. तांड्यावर ढाडी यायचा, म्हणजे वंशावळ गाणारा. अमक्याचा बेटा तमका, तमक्याचा बेटा ढमका, असं करत तो साऱ्या पिढ्या गाऊन जायचा आणि ऐकणाऱ्यांना त्या तशाच्या तशा पाठ व्हायच्या.

अठ्ठावन्न साली धावजी पुसदेहून मॅट्रिक झाला. तांड्यातला तो पहिलाच. लगेच तिथल्या एका कचेरीत बाबूची जागा निघाली. साहेबाला अवघड इंग्रजी शब्दांचा भारी शौक, मुलाखतीत अर्थ विचारून घाम फोडतो, अशी ख्याती. धावजी माझी डिक्शनरी घेऊन गेला, पण कोरडे शब्द डोक्यात टिकेनात. तेव्हा हरिसिंगनंच तोड काढली. पणजोबाच्या पणजोबाचं नाव ज्या चालीवर टिकतं, त्या चालीवर हे का टिकणार नाही? एकेक अक्षर म्हणजे एकेक कूळ, पहिला शब्द मूळपुरुष आणि अर्थ हा शब्दाचा बेटा. बापलेक वखरामागून गात जायचे. बाप निरक्षर, पण लेक अडला की पुढचा शब्द तोच द्यायचा.

खोच एकच होती. वंशावळ कोणी मधूनच उचलत नाही. मूळपुरुषाला टाळून नातवाचं नाव घेणं हा तांड्यात अपमान. साहेबानं विचारलं, मॅग्नॅनिमस म्हणजे काय. धावजीनं डोळे मिटले आणि म अक्षराच्या मूळपुरुषापासून पुटपुटायला लागला. मोठ्यानं बोल, साहेब म्हणाला. मग तो मोकळ्या गळ्यानं गायला, 'मॅकिनेशनचा बेटा कारस्थान, मॅग्नॅनिमसचा बेटा मोठ्या मनाचा.'

साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. बाबू, चपराशी सारे गोळा केले आणि पुन्हा गायला लावलं. धावजीला वाटलं, खूश झाले. खूश झालेच होते. बाबूची जागा दुसऱ्याला दिली आणि याला चपराशी म्हणून ठेवून घेतलं.

त्यानंतर कचेरीत कोणी पाहुणा आला की आधी चहा, मग धावजी. पट्टा सारखा करून तो उभा राहायचा, साहेब अक्षर सांगायचा, हा कूळ गायचा. ज्या चालीवर तांड्यात लोक फेटा सावरून बसत, त्या चालीवर तिथे पोट धरून हसत. माझं टाळकं सरकायचं. मी म्हटलं, लाथ मार त्या नोकरीला आणि घरी ये.

धावजी म्हणाला, "बाबूची जागा पुन्हा निघन, मास्तर. तवापर्यंत मले हे चालीशिवाय आलं पायजे."

मग त्यानं ती वंशावळ तोडायला घेतली. साहेबाच्या दारापुढच्या स्टुलावर बसून एकेक शब्द सुटा करायचा. चाल आपोआप ओठांवर आली की जीभ चावायचा. रविवारी मी कुठूनही, कसेही शब्द विचारायचो. आधी तो गोंधळायचा, घामाघूम व्हायचा. हरिसिंगला हे पटत नव्हतं. नात्यातली माणसं एकमेकांपासून तोडल्यासारखं वाटतं, म्हणायचा आणि उठून गोठ्यात जायचा. अशी वर्षं गेली.

चौसष्ट साली जागा निघाली. धावजीनं धुतलेला सदरा घातला आणि पट्टा काढून ठेवला. साहेबानं शेवटाकडून विचारलं, मधूनच विचारलं, उलटसुलट विचारलं. धावजीनं बसल्या जागी, साध्या आवाजात सारं बरोबर सांगितलं. साहेबाचा चेहरा उतरत गेला. तो म्हणाला, गाऊन सांग.

"साहेब, मले आता असंच येते," धावजी म्हणाला.

निवड झाली ती उमरखेडच्या कोणा मुलाची. साहेब हसत हसत सगळ्यांसमोर म्हणाला होता, हा बाबू झाला तर पाहुण्यांपुढे गाणार कोण? थट्टा म्हणूनच म्हणाला असेल. पण त्या कचेरीत साहेबाची थट्टा म्हणजे हुकूम. आणि मॅग्नॅनिमस या शब्दाचा अर्थ त्याला धावजीपेक्षा चांगला ठाऊक होता, हे विशेष.

संध्याकाळी हरिसिंग एस.टी.च्या फाट्यावर येऊन थांबला होता. मीही होतो. धावजी उतरला. बापानं विचारलं, "पास झाला का रे?"

"झालो, बा," धावजी म्हणाला. "पन गानारा त्यायले दुसरा भेटून नाही राह्यला."